माळे रिकामे करण्याचे दिवस

दसरा झाला की माझे पाय घरात ठरत नाहीत. आपट्याची पानं अजून देवापुढे वाळत असतात, दारावरचं झेंडूचं तोरण कडक होत चाललेलं असतं, आणि खालून कुणीतरी गादी बडवल्याचा पहिला आवाज येतो. धप्प, धप्प. मग दुसऱ्या विंगमधून दुसरी गादी. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत दिवाळीच्या साफसफाईची वर्दी अशी मिळते. बायका नाकाला ओढणी बांधून स्टुलावर चढतात, अर्ध्या माळ्यात शिरतात आणि आतून एकेक गोष्ट खाली देत राहतात. तुटका पाळणा, गंजलेला कूलर, कुणाच्या तरी लग्नातली कळशी. आणि शंभरातल्या एखाद्या माळ्यावरून एक पेटी. लाकडी किंवा पत्र्याची, उचलताना आत खडखडणारी.

"ही कुणाची गं?"

"सासऱ्यांची असेल. टाक भंगारात."

हे दोन शब्द मला तीन मजल्यांवरून ऐकू येतात असं माझा नवरा म्हणतो. तो म्हणतो ते बहुतेक खरं आहे.

मला जुनी हत्यारं जमवायचा नाद आहे. पाने, पकडी, कानशी, करवती, रंधे, पटाश्या, आणि ते सगळं ज्यात राहायचं त्या पेट्या. आणायचं, गंज काढायचा, धार लावायची, मूठ सैल असेल तर बसवायची, तेल द्यायचं. लोकांना या नादामागे कारण हवं असतं. वडील सुतार होते का? आजोबा लोहार? तसलं काही नाही. वडील टपाल खात्यात होते, आणि आमच्या घरात हत्यार म्हणावं असा फक्त खलबत्ता होता. मी मालाडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. तिथे दिवसभर मुलांच्या हातातून वस्तू परत घेऊन जागच्या जागी ठेवते. एकदा कॉलेजच्याच भंगारात पितळी टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर दिसला, तो उचलला, घरी नेऊन चिंचेनं घासला, आणि काम झालं. वाट लागली म्हणायचं तर तेव्हापासून लागली. "आपल्याकडे चिंच आमटीत कमी आणि पान्यांवर जास्त जाते," असं नवरा पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. मी गॅलरीत जाऊन व्हिनेगरमध्ये बुडवलेली पक्कड उलटी करून येते.

पण हे वीस दिवस मात्र छंदाचे राहत नाहीत. ती तगमग असते. बाकी वर्षभर भंगारवाल्याकडे पुठ्ठे आणि प्लास्टिक. दसरा ते दिवाळी मात्र अख्ख्या उपनगरांचे माळे खाली उतरतात आणि दुकानांच्या तोंडाशी ढीग लागतात. ते ढीग थांबत नाहीत. लोखंड संध्याकाळच्या टेम्पोत बसून वितळायला जातं, लाकूड बेकरीच्या भट्टीत. माझ्या डोक्यात सारखं तेच चालू असतं. मी इथे कपबश्या विसळतेय आणि तिकडे मुलुंडला कुणाचा तरी शिसवी रंधा पावांखाली जळतोय. ऑक्टोबरचं ऊन रस्त्यातून वर येतं, घाम पाठीवरून उतरतो आणि मी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते. हात काळे, नखं काळी, पिशवीत काहीच नाही. घरी आले की वाटतं, शेवटच्या गल्लीत शिरायला हवं होतं.

यंदाही पहिली गादी वाजली आणि मी चहा अर्धा टाकून उठले. मात्र यंदा मी भंगाराच्या दुकानात गेले नाही. का गेले नाही, त्यासाठी चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधीचे दिवस सांगायला हवेत.

तेव्हा घाटकोपरच्या अन्वरभाईंचा फोन आला होता. त्यांचं भंगाराचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. "मॅडम, लकडे का बक्सा है। आज आओगे तो है, कल का भरोसा नहीं।" मी कॉलेजात डोकं दुखत असल्याचं सांगितलं. ते खरंच दुखत होतं, पण फोन आल्यापासून.

पेटी सागवानी होती. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकणाला आतून करवत अडकवायची खाच. धुळीनं आणि जुन्या तेलानं ती इतकी काळी पडली होती की सागवान हे मला वासावरून कळलं. आत लाकूड तासायचा वाकस, तीन पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या, हातानं फिरवून भोक पाडायचा सामता, आणि तळाशी एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला रंधा. मी तो हातात घेतला. त्याची पाठ इतकी गुळगुळीत होती की माझाच हात खरखरीत वाटला. एवढा झिजलेला, एवढा वापरलेला रंधा मी तोवर पाहिला नव्हता. अन्वरभाईंशी मी घासाघीससुद्धा केली नाही. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसले, आणि दर सिग्नलला झाकण उघडून पाहत होते.

पुढचे आठ दिवस मी घरात असून नव्हते. फराळाची भाजणी तशीच डब्यात राहिली. लाडू नवऱ्यानं वळले, आणि ते चांगले झाले हे त्यानं पुढे वर्षभर ऐकवलं. मी गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून बसले होते. रॉकेलचा वास, पॉलिश पेपरचा खर्र खर्र आवाज, बोटांच्या पेरांत अडकलेली भुकटी. पटाश्यांचा गंज गेला. पितळी पट्ट्या उजळल्या. काळ्या थराखालून सागवानाचा मधाळ रंग वर आला तेव्हा मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. रंध्याच्या पुढच्या तोंडावर, पात्याच्या जरा पुढे, काळपट लाल असा एक जाड डाग होता. गंज लाकडात उतरलाय की काय, म्हणून मी कॉलेजातून आणलेलं भिंग लावून पाहिलं. गंज नव्हता. रंग किंवा लाख असावी. त्यात बारीक वळणदार रेषा दिसत होत्या, ब्रशच्या असतात तशा. मी तो डाग काढून टाकला. शेवटी अळशीच्या तेलाचे दोन हात दिले आणि सगळी पेटी हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी मांडून ठेवली. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात देखणं काम ते होतं, हे आजही म्हणते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरा शर्ट, पायजमा, हातात अन्वरभाईंच्या अक्षरातला माझ्या पत्त्याचा कागद. नाव सांगितलं मेस्त्री. मालाडला राहतात, मूळचे मालवणकडचे, परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर फर्निचरच्या कारखान्यात. जुनी इमारत पाडायला घेतली, भाड्याच्या जागेत सामान हलवताना त्यांची हत्यारांची पेटी नको त्या ढिगात गेली. मुलानं कबूल केलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. तेव्हापासून ते मालाडपासून घाटकोपरपर्यंत एकेक दुकान पाहत आले होते.

पेटी समोरच होती. त्यांनी चप्पल काढली, आत आले, आणि पाणीसुद्धा न घेता जमिनीवर मांडी घातली.

पेटी उघडताना त्यांचा हात सरळ खाचेकडे गेला. गेली, असं मला वाटलं. पेटी गेली हातची. कुणाची पेटी त्याला परत मिळतेय याचा आनंद मला झाला नाही, हे मी लिहून टाकते. मेस्त्रींनी एकेक हत्यार काढून मांडीवर ठेवलं, परत ठेवलं. मग रंधा घेतला. तो खिडकीकडे धरला आणि पुढच्या तोंडावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. परत उजेडात धरला.

"ह्यो माझो न्हय," ते म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते पेटी घरी आणायचे. दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडायची, त्या दिवशी एकालाही हात लावायचा नाही. टिळा मात्र मेस्त्रींनी लावायचा नाही, त्यांच्या बायकोनं लावायचा, ही त्यांच्या घरातली रीत. ती कुंकू तेलात कालवायची आणि अंगठ्यानं रंध्याच्या तोंडावर दाबायची. दरवर्षी त्याच जागी, आदल्या वर्षीच्या टिळ्यावर. ती गेली त्याला आता दहा वर्षं झाली होती. नंतर त्यांनी कुणाला टिळा लावू दिला नाही. सुनेनं एकदा करंडा पुढे केला तर उठून गेले. फुलं वाहायचे, बस. तिच्या अंगठ्याच्या रेषा होत्या त्या टिळ्यात, वर काही चढवायचं नव्हतं.

"बाकीच्यांनी हत्यारांवर नावां कोरली. माका नाव कित्याक? टिळो होतो मा."

मी भिंगातून पाहिलेल्या त्या रेषा माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

इथे मला बोलायला हवं होतं. एक घाव दोन तुकडे. काका, पेटी तुमचीच आहे, टिळा मी घासला. हे सांगायला असा कितीसा वेळ लागतो? पण मी ते सांगितलं नाही. आधीचा फोटो होता तो फक्त बंद पेटीचा. टिळ्याचा पुरावा जगात कुठेही उरला नव्हता, फक्त मला माहीत होतं. लाज होती. आणि लाजेच्या मागे लोभही होता, कारण रंधा अजून त्यांच्या मांडीवर होता आणि मला तो परत हवा होता.

"सुतारखात्यात पेट्या सगळ्यांच्या अशाच असतील ना?" मी म्हणाले.

"अशेच. उमेदवारीत प्रत्येकानं आपली आपण करूची, एकाच मापाची."

"मग दुसऱ्या कुणाची असेल."

मेस्त्रींनी रंधा परत पेटीत ठेवला. आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, त्यांचा चेहरा उजळला.

"बरां झालां," ते म्हणाले. "म्हणजे माझी अजून खंय तरी आसा."

जाताना त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं. हात चांगला आहे म्हणाले, फक्त पातं फार बाहेर काढलंयस. त्या दिवाळीत मी पहिला दिवा लावला तो कुठे लावला हेही मला आठवत नाही. पेटीवर चादर टाकली होती. पाहुणे त्या चादरीवर चिवड्याच्या बश्या ठेवत होते.

पुढच्या दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. "बाय गो, मालाडात नवो माल इलो हा. येतंस काय?" आणि मी गेले. त्यानंतर दर ऑक्टोबरला आम्ही दोघं एकत्र फिरलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात छत्री उन्हासाठी, आणि मी. ढिगासमोर ते उकिडवे बसायचे, मोडक्या खुर्च्या बाजूला सारायचे. मी त्यांच्याबरोबर सारायची. जे तिथे नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, ते मी त्यांच्या शेजारी बसून शोधत होते. कधी एखादा रंधा निघायचा. ते उलटा करून अंगठा फिरवायचे, मान हलवायचे आणि माझ्या पिशवीत टाकायचे. "तुका ठेव." माझ्या संग्रहातले चांगले रंधे सगळे त्यांनी शोधलेले आहेत.

आणि त्यांनी मला शिकवलं. तोवर मी हत्यारं नुसती उजळत होते. ती चालवायची कशी, हे त्यांनी आमच्या गॅलरीत फळकूट ठेवून दाखवलं. खांद्यातून ढकल, मनगटातून नको. रंधा नीट चालला तर आवाज लांब येतो, चुकला की तुटक येतो. "डोळ्यांनी काय बघतंस, कान दी." मी कान द्यायची. पातळ कुरळे पापुद्रे माझ्या पायांवर पडायचे, ते हसायचे, नवरा आतून चहा आणायचा, आणि चादरीखालची पेटी चार हातांवर असायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं. ते हॉलकडे बघायला लागले की मी उठून मध्ये उभी राहायची.

नवऱ्याला मी दुसऱ्या वर्षी सांगितलं. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, त्यांना शोधू दे की. शोधतायत म्हणून तर बाहेर पडतायत." त्याचं म्हणणं मी वर्षभर उशीखाली घेऊन झोपले. सोयीचं होतं. पण उन्हात ढिगासमोर बसलेल्या त्या माणसाच्या मानेवरून घाम ओघळताना पाहिला की ती सोय टिकत नसे. दोन महिने मी स्वतःला सांगायची की दिवाळी झाली की बोलेन. दिवाळी झाली की म्हणायची, सण गेला, आता कशाला.

यंदा गादी वाजली त्याच सकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक.

"माझे गुडघे गेले गो. जिनो उतरूक होणा नाय. तू एकटीच जा."

"काका, मी एकटी काय ओळखणार?"

"तू वळखतलंस. माझ्याइतकीच तुका ठावक आसा ती आता."

फोन ठेवल्यावर मी चहा अर्धा टाकून उठले ते पेटीवरची चादर काढायला. रंधा त्याच जुन्या बनियनमध्ये गुंडाळला, बनियन मी धुऊन ठेवलं होतं, आणि रिक्षा करून मालाडला गेले. वाटेत तीन दुकानं लागली. तिन्हींच्या तोंडाशी ढीग होते. मी मान वळवली नाही.

नव्या इमारतीतलं त्यांचं घर सातव्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद होती. सून माळा साफ करत होती, तिच्या केसांत जाळी अडकली होती. मेस्त्री खिडकीशी पलंगावर, गुडघ्यांना गरम कापड बांधून. मी पिशवीतून रंधा काढला आणि त्यांच्या हातात दिला. बसलेही नाही.

"हा तुमचाच आहे. टिळा मी घासला. मला डाग वाटला होता. तुम्ही आलात तेव्हाच मला कळलं होतं आणि मी खोटं बोलले."

सून स्टुलावरच थांबली. मेस्त्रींनी रंधा पाहिला, मग मला.

"चार वर्सां," ते म्हणाले. "चार वर्सां माका उन्हातसून फिरवलंस?"

"हो."

"माझ्या वांगडा बसान शोधत होतंस?"

"हो."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला जायला सांगतील असं वाटलं, आणि ते बरंच झालं असतं. सुनेनं खूण केली, बसा. मी बसले नाही. खाली कुणीतरी गादी बडवत होतं. मग त्यांनी अंगठा रंध्याच्या तोंडावर नेला आणि तिथेच ठेवला.

"कसो काढलंस?"

"रॉकेलनं सुटेना. मग पॉलिश पेपर लावला."

"पटकन गेलो?"

"नाही. दोन दिवस लागले. एक थर गेला की खालून दुसरा लाल यायचा. त्याच्याखाली परत लाल. लाकडात मुरलं होतं."

ते ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होते. वर्षं असावीत. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"अगदी तळाक काय होतां?"

मी आठवलं. गॅलरीतलं दुपारचं ऊन, बोटांना आलेले फोड, आणि शेवटी लाकडाला लागून राहिलेला तो एक पातळ थर.

"तळाशी लाल नव्हतं काका. पिवळं होतं."

"पिवळां?"

"हळदीसारखं. एवढंसंच."

सून स्टुलावरून उतरली आणि त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"पयलो दसरो," ते म्हणाले. "लगीन होऊन ती मुंबयक येवन महिनोच झाल्लो. घरात कुंकू सरल्लां, आणि ती लाजान कोणाकडे मागूक गेली नाय. हळदच लावल्यान." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मी इसरान गेल्लंय गो. सगळां इसरान गेल्लंय."

मी तिथेच खाली जमिनीवर बसले.

"परत सांग," ते म्हणाले. "पिवळां कसां होतां?"

मी परत सांगितलं.